खुंटीवरचं वेताचं कडं

या मित्रांनो, जवळ सरका. कीर्तनाला बसतात तशी मांडी घाला. तुम्हांला माझं आख्यान ऐकवतो.

मी एक जुनं, छोटं रेल्वे स्टेशन आहे. सिंगापूरच्या झाडीत, एकेरी रुळाच्या कडेला उभं. विटांच्या भिंती, दोन बाकं आणि खुंटीवर टांगलेलं वेताचं कडं, एवढाच माझा संसार. पण त्या कड्याचा नियम देवाज्ञेसारखा: पुढच्या रुळावर गाडी जावो की माणूस, कडं सोबत हवं. कडं एकच, म्हणून रुळावर जाणाराही एकच. त्या नियमामुळे इथं कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

२००७ साली माझ्या जागी काचेचं नवं स्टेशन बांधायचं ठरलं. सिंगापूरच्याच यिशुन भागातून एकता आणि रूपेश हे दोघे इंजिनिअर मापं घ्यायला आले. एकतानं जपून ठेवायच्या वस्तूंची यादी केली. कड्यावर 'म्युझियम' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मोठ्या मायेनं ते खोक्यात भरलं. चुकली ती इथंच. कडं अजून कामावर होतं हो!

दुपारी गाडी आली. स्टेशनमास्तर मनोहरकाका कडं घ्यायला वळले, तर खुंटी रिकामी. त्यांनी लाल बावटा धरला.

"मास्तर, जोहोरला माझं जहाज सुटेल!" खिडकीतून शामकांत नावाचे खलाशी ओरडले. "कड्याची पूजा घालताय काय?"

"खुंटी रिकामी म्हणजे रुळावर कुणीतरी आहे. गाडी हलणार नाही."

"काका, कडं माझ्याकडे आहे!" एकता खोकं उपसत धावली. "मीच भरलं होतं. सॉरी! जाऊ द्या गाडी."

चालकानं हात पुढे केला. कडं त्याच्या बोटांना टेकलं, आणि मनोहरकाकांनी ते झटकन मागे ओढलं.

"सकाळी तुम्ही दोघं आलात, बाळ. रूपेश कुठंय?"

एकता पांढरीफटक पडली. "वळणापलीकडच्या पुलावर... मापं घ्यायला."

"काय घेऊन गेलाय?"

तिनं काकांच्या हातातल्या कड्याकडे पाहिलं; रूपेश त्याच्याविनाच गेला होता. तो अरुंद पूल मला ठाऊक आहे, मित्रांनो. तिथं बाजूला व्हायला वीतभर जागा नाही. मनोहरकाका माझी घंटा बडवत राहिले. कुणी येईना. शामकांतांनी टोपी काढून छातीशी धरली. देवा, मी तर भिंतींसकट तुझा धावा केला!

अखेर वळणावर रूपेशचं पिवळं हेल्मेट दिसलं.

रूपेश धावत येऊन फलाटावर चढला. मग एकतानं काकांकडून कडं घेतलं, वरची चिठ्ठी फाडली आणि प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी ते चालकाला दिलं.

माझ्या भिंती पडायच्या तेव्हा पडोत. नव्या स्टेशनात गाडी कधी जराशी खोळंबली, तर चिडू नका, बाळांनो. टोमणे खाऊनही हात मागे घेणाऱ्या माझ्या मनोहरकाकांची तेवढी आठवण काढा.