तीन महिन्यांची डबी

आपण बसवलेल्या खिडकीत मुंगीलासुद्धा फट सापडायची नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. खिडक्या-दारं बसवण्यात तीस वर्षं गेली होती, तेव्हा बढाई मारायचा त्याला हक्कच होता. बायकोने पडदे शिवायला तळघर मागितलं तेव्हा तिथली एकुलती एक खिडकी त्याने अशी बंद केली, की आत मशीन धडधडलं तरी बाहेर जराही आवाज नाही. बायको खूश, तो खूश. सोळा वर्षं ती तिथे शिवत बसली.

मध्ये एकदा आरोग्य खात्याचा माणूस घरोघर एक प्लास्टिकची डबी वाटून गेला. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो, त्याला रंग नाही, वास नाही, बंद खोलीत तो साठतो. खालच्या खोलीत डबी तीन महिने ठेवा आणि तपासायला पाठवा. "ज्याला वासच नाही त्याची कसली भीती!" म्हणत त्याने ती खिळ्यांच्या खणात टाकली. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. याला डबी हातात देऊनही पुरलं नाही.

मग बायकोच्या हातातून सुई पडायला लागली, डोकं ठणकायला लागलं आणि डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. दवाखान्यातली एक मुलगी कसल्याशा पाहणीसाठी प्रश्न विचारत होती. घर किती जुनं, जवळ कारखाना आहे का, घरात रेडॉन मोजलाय का. "नाही," तो म्हणाला आणि त्याला खिळ्यांचा खण आठवला.

घरी येऊन त्याने खण उपसला. डबीची मुदत केव्हाच उलटली होती. त्याने गुपचूप नवी मागवली आणि तळघरात रिळांच्या कपाटामागे ठेवली. अपराध आपला आहे की नाही ते आधी कळू दे, मग तोंड उघडू, असा त्याचा हिशोब.

आईची सेवा करायला लेक राहायला आली होती. वर जागा नव्हती, म्हणून तिने तळघरातच गादी टाकली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, खाली फार कोंदट होतं. ती खिडकी उघडून द्या ना."

खिडकी उघडली तर मोजमाप चुकणार. "राहू दे गं, थंडी येईल," तो म्हणाला.

तीन महिन्यांनी कागद आला. मर्यादेच्या पाचपट.

"फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नक्की वाढतो," तपासणीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या. "मेंदूच्या गाठीबद्दल काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही. तुमच्या मिसेसना यानेच झालं, असं छातीठोक कोणी सांगणार नाही."

"आणि याने नाही झालं, असं?"

"तेही नाही सांगता येणार."

तो तसाच बायकोच्या खाटेपाशी जाऊन बसला आणि खिळ्यांच्या खणापासून सगळं सांगून टाकलं. सांगताना रडला. "माझं चुकलं. मला माफ कर."

ती म्हणाली, "डबी कधी ठेवलीत?"

"तू दवाखान्यातून आलीस, त्याच आठवड्यात."

"म्हणजे पोरगी खाली झोपायला लागली तेव्हा तुम्हाला संशय होता."

"होता," तो म्हणाला.

"अहो, माझ्या डोक्यात ते कशाने आलं हे डॉक्टरांनाही माहीत नाही. त्याची मी काय माफी देऊ? पण तिचे हे तीन महिने तुमच्या डोळ्यांदेखत गेलेत." तिने उशीवरून मान वळवली आणि होता तेवढा जोर लावून हाक मारली, "बाळा, वर ये गं! बाबांना तुला काही सांगायचंय."

खालून "आले!" असा आवाज आला. तळघराच्या जिन्याला तेरा पायऱ्या होत्या. तो पहिला शब्द शोधायला लागला, तोवर ती अर्ध्यावर आली होती.