धुराड्याच्या रेषेत

"पिशवीत काय आहे, बाई?" रखवालदाराने विचारलं, आणि मोजणीदाराने कान टवकारले. बसमध्ये बसल्यापासून हाच प्रश्न त्याला छळत होता.

"खाण्याचं आहे," ताई म्हणाली.

"ते आत नेता येत नाही. तिकडे ठेवा, बिल्ला घ्या."

ताईने निमूटपणे पिशवी खिडकीत ठेवली. ताई आणि निमूटपणे! पिशवी टेकताना आतून खणखण वाजलं. डबा असेलही. पण डब्याखाली कागद असू शकतात, आणि कागद आले की सही आली. मोजणीदाराची हयात जमीनमोजणीच्या कचेरीत गेली होती. लोक खाण्याच्या डब्याखालून काय काय पुढे सरकवतात, हे त्याने पाहिलं होतं.

अकरा वर्षं थोरल्या बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. नात्यात कुणाकडे गाठ पडलीच, तर ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची, जणू समोर विजेचा खांब आहे. आणि मंगळवारी अचानक तिचा फोन. "रविवारी मोकळा आहेस ना? स्टेडियम बघायला जाऊ. तिकिटं काढलीत." तो हो म्हणायच्या आत तिने फोन ठेवलासुद्धा.

सगळं सोडून स्टेडियम! या स्टेडियमसाठी जी वस्ती उठवली, तिच्यात ताईचं घर होतं. दोन खोल्या आणि पुढे हातभर ओटा. मेव्हणे गेल्यावर तिने एकटीने सांभाळलेलं. आणि ज्या नकाशाने ते गेलं, त्याच्या खालच्या कोपऱ्यात मोजणीदाराची सही होती.

माहिती सांगायला एक चुणचुणीत मुलगी होती. पंधरावीस जणांचा घोळका मागे घेऊन ती उलटी चालत बोलायची. खेळाडूंची खोली दाखवली, गरम पाण्याचे हौद दाखवले. मग सगळे बोगद्यातून मैदानाच्या कडेला आले, आणि हिरवळ एवढी हिरवी होती की मोजणीदाराला तिचाही संशय आला.

"छत एकाही खांबाशिवाय उभं आहे," मुलगी म्हणाली. "आणि गंमत म्हणजे, पूर्वी इथे काही म्हणजे काहीच नव्हतं. नुसता ओसाड माळ!"

झालं, आता भडका उडणार. मोजणीदार दोन पावलं मागे सरला.

"ओसाड होतं का हो?" ताईने गोड आवाजात विचारलं.

"हो ना आजी. चिटपाखरू नव्हतं."

"अगंबाई," ताई म्हणाली आणि मोजणीदाराकडे वळली. "ऐकलंस का? चिटपाखरू नव्हतं म्हणे."

यापेक्षा तिने चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बिल्ला मुठीत धरून पुढे चालू लागली. पायऱ्या चढताना त्याने हात पुढे केला, तेव्हा म्हणाली, "राहू दे. मोजत ये तू आपला, किती आहेत ते."

तो खरोखरच मोजत होता. एकशे अठरा झाल्या.

सगळ्यात वरच्या मजल्यावर बाहेरच्या बाजूला उघडा सज्जा होता. तिथून सगळं शहर दिसायचं. घोळका फोटो काढायला पांगला. ताई कठड्याला टेकून उभी राहिली, दम घेतला, आणि शहराकडे बघतच म्हणाली, "मोजणीदारसाहेब, आता सांग. माझं घर कुठे होतं?"

अच्छा, यासाठी आणलं होय.

"इतक्या वर्षांनी कसं सांगणार, ताई? सगळं बदललंय."

"तू? तुला शाळेतली बाकं किती फूट होती ते अजून पाठ आहे."

त्याचा नाइलाज झाला. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याचे डोळे आपसूक कामाला लागलेच होते. लांब टेकडीवर पाण्याची टाकी होती. तिच्या अलीकडे बंद गिरणीचं धुराडं. ताईच्या दारात उभं राहिलं की धुराडं टाकीच्या बरोबर मध्यावर यायचं, दिव्यात वात असावी तसं. मेव्हणे ओट्यावर बसून थट्टा करायचे, आमच्या घराला पत्ता लागत नाही, आमच्यासाठी दिवा लावलाय. ती रेष धरायची आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या भिंतीपासून एकशे चाळीस फूट यायचं. दवाखाना अजून जागेवर होता.

त्याने अंगठा डोळ्यांसमोर धरला. रेष टाकीवरून धुराड्यावर, धुराड्यावरून खाली आणली. ती स्टेडियमच्या भिंतीपर्यंत पोचलीच नाही, तोवर एकशे चाळीस फूट संपले. त्याने पुन्हा धरली. मग दुसऱ्या हाताने.

घर स्टेडियममध्ये नव्हतंच. बाहेर, भिंतीच्या पलीकडे, जिथे दोन मोठे कचऱ्याचे डबे आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता, तिथे होतं.

 अकरा वर्षं त्याने स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, की स्टेडियम झालं, घर त्याच्या पोटात गेलं, त्याला कोण काय करणार. झोप लागायला तेवढं पुरत होतं.

आता काय सांगावं? मैदानाच्या मध्यभागी होतं म्हणावं. हजारो लोक जिथे टक लावून बघतात, तिथे. ताईलाही बरं वाटेल. तिला कुठे मोजता येतं? किंवा म्हणावं, एवढ्या मोठ्या इमारतीला भोवती मोकळी जागा लागतेच. ते खोटंही ठरणार नाही.

ताई त्याच्याकडे बघत होती. खांद्यावरून पलीकडे नाही, त्याच्याकडे.

"ते डबे दिसतात ना," तो म्हणाला. "कचऱ्याचे. तिथे."

"भिंतीच्या आत की बाहेर?"

"बाहेर."

"मग घ्यायची गरज होती?"

त्याने कठडा धरला. "नव्हती. हद्द तुझ्या कुंपणापाशी येऊन संशयात होती. घर आत घेतलं तरी चालेल, बाहेर ठेवलं तरी चालेल. साहेब म्हणाले, तू मोजलंयस, तूच ठरव. मला वाटलं, बाहेर ठेवलं तर लोक म्हणतील, बहिणीचं घर वाचवलं. म्हणून आत घेतलं."

खाली कुणीतरी शिटी वाजवली. 

"मग?" ताईने विचारलं. "लोक काही म्हणाले का?"

"नाही," मोजणीदार म्हणाला. "कुणीच काही म्हणालं नाही."

"चल," ती म्हणाली. "पाय दुखायला लागले."

खाली येऊन तिने बिल्ला दिला, पिशवी घेतली आणि फाटकाबाहेर पडून बसच्या थांब्याकडे न जाता भिंतीच्या कडेने चालू लागली. दवाखान्याच्या कोपऱ्यावर थांबली.

"मोज."

त्याचं पाऊल अडीच फुटांचं. तरुणपणीच बेतून घेतलेलं. आता गुडघे कुरकुरत होते, तरी त्याने टाच लांब टाकली आणि मोठ्याने मोजत निघाला. छप्पन्नला डब्यांपाशी पोचला. मान वर केली. धुराडं टाकीच्या मध्यावर होतं.

"मागच्या महिन्यात येऊन गेले मी," ताई मागून म्हणाली. "एकटीच. धुराडं मलाही दिसतं म्हटलं."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू काय सांगतोस ते बघायला."

"आणि मी मैदानाच्या मधोमध सांगितलं असतं तर?"

"तर डबा मी घरी जाऊन एकटीने खाल्ला असता."

 मोजणीदार होता तिथे खाली बसला. ताईने एका मोडक्या खुर्चीची पाठ ओढून घेतली, पुसली, तिच्यावर सावकाश टेकली. पिशवीतून डबा निघाला. मग दोन चमचे. त्याने पिशवीत वाकून पाहिलं. खाली कागद नव्हते. एक फडकं होतं.

"राग गेलेला नाही हं माझा," ताई झाकण उघडत म्हणाली.

"माहीत आहे."

तिने टाकीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग तो बसला होता त्या जागेकडे. नजरेने काहीतरी जुळवलं.

"दारात काय बसलास?" ती म्हणाली. "आत ये."

मोजणीदार उठला. त्याने बूट काढले, जोडीने कडेला ठेवले, आणि दोन पावलं पुढे जाऊन काँक्रीटवर मांडी घातली.