आरशाशेजारची पट्टी

भिंगरीने आरशाशेजारच्या पट्टीवरून खुर्चीचं चित्र चर्रकन ओढून काढलं, मांडीवर धरायच्या डब्यात टाकलं आणि खऱ्या खुर्चीत चढून बसली.

आत्याच्या हातातला कंगवा हातातच राहिला. आजवर या दुकानात भिंगरीचे केस कापायचे म्हणजे लढाई असे. आई तिचे दोन्ही हात धरी, आत्या मिळेल तिथे कात्री चालवी, आणि शेवटी तिघीही रडवेल्या होत. मागच्या खेपेला तर अर्धंच डोकं झालं होतं. यापुढे पोरीला धरायचं नाही, असं आईने तेव्हाच ठरवलं. म्हणून तिने दुकानात जे जे होणार त्याचं एकेक चित्र काढून पट्टीवर ओळीने चिकटवलं: खुर्ची, कापड, फवारा, कात्री, केस झटकायचा ब्रश, आरसा. झालं की चित्र डब्यात. फवाऱ्याची बाटली निळी की हिरवी, हे विचारायला तिने नणंदेला भर गर्दीच्या वेळी फोन केला होता.

"वहिनी, माझं दुकान मलासुद्धा कधी इतकं नीट दिसलं नव्हतं हो," आत्या म्हणाली.

गळ्याभोवती कापड आलं, त्याचं चित्र डब्यात गेलं. आई सवयीने पुढे सरकून खुर्चीला खेटून उभी राहिली.

भिंगरीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीवर वरून खाली बोट फिरवलं.

"आई नाही."

"अगं, ही काय, इथेच आहे मी."

"इथे नाही." बोट पट्टीवरून हललं नाही. "आई बाहेर."

आत्याला हसू आवरेना. "घ्या! बाटलीच्या रंगाची चौकशी केलीत, आणि स्वतःला काढायचंच विसरलात."

"आत्ता काढू? कागद आहे का, वन्सं?"

"लेक काय म्हणतेय ते ऐका. व्हा बाहेर."

आई बाहेर आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. फवारा झाला. कात्री कानाजवळ आली. नेहमी सगळं बिनसायचं ते इथेच. भिंगरीचे खांदे वर गेले, डोळे घट्ट मिटले. आईचा हात दाराच्या मुठीवर पडला.

आत्या थांबली. कापडाखालून एक चिमुकला हात बाहेर आला, त्याने स्वतःचाच कान पुढे दुमडून धरला. ओठ हलले. काचेतून आवाज येत नव्हता, पण शब्द कळला: काप.

कात्री चालू लागली. आईने मूठ सोडली. आता या हातांचं काय करायचं, तिला सुचेना. पायरीवर ऊन आलं होतं. ती तिथेच टेकली.

केस कापायला आलेली एक बाई तिला पाहून थबकली. "तुमचा नंबर आधी ना? जा की आत."

"छे हो, माझं काही काम नाही तिथे," आई म्हणाली, आणि आपलंच वाक्य ऐकून एवढ्या मोठ्याने हसली, की ती बाईही कारण न विचारता हसायला लागली.