मशीनखालची काळी

मी कोळीण बोलतेय, शिंप्याच्या शिलाई मशीनखाली जाळं विणून राहणारी.

आम्ही दोघी अंड्यांच्या एकाच पुडीतून निघालेल्या सख्ख्या बहिणी. ती दारावर राहते. घरातले तिला ‘भुरी’ म्हणतात आणि डास खाते म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नाही. मी मात्र काळपट निघाले. एका आईची लेकरं तरी कुठे एका रंगाची असतात? मला तर माझा रंग धड दिसतही नाही. मी काळी, हे माणसांकडूनच कळलं.

आज सकाळी शिंप्याची सून पडलेली सुई शोधायला वाकली आणि किंचाळलीच. तिचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय.

“बाबा, काळी कोळीण आहे. फोनवर दाखवतात ना विषारी, तीच ही.”

पळावंसं वाटलं, पण पळणार कुठे? माझी अंड्यांची पुडी तिथेच, मशीनच्या पायाशी टांगलेली. तेवढ्यात डोक्यावर काचेचा पेला आला, खालून कागद सरकला. माणसं म्हणे अशा वेळी जीव मुठीत धरतात. मला मूठही नाही, नुसताच जीव होता.

“थांब जरा,” म्हातारा शिंपी म्हणाला. “ट्यूबखाली रंग ठरवू नये. निळा दोरासुद्धा काळा दिसतो.”

दोरा जुळवायला तो रोज कापड घेऊन दारात जातो. तसाच मला घेऊन गेला आणि उन्हात पेला फिरवत राहिला. मी पाय आवळून बसले. आता चिरडतो की मग, एवढंच डोक्यात.

“हे बघ, तपकिरी आहे. पाठीवर तेच पांढुरके ठिपके, पायांवर तेच पट्टे. भुरीच्याच ताग्यातली, रंगाला जरा गडद.”

“असेल बाबा. पण बाळ सगळं तोंडात घालतं. मारू नका, बाहेर सोडा.”

तिचं तरी काय चुकलं? म्हाताऱ्याने मला अलगद खिडकीबाहेर ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. सुटले म्हणावं, तर जीव आत अडकलाय.

काचेला पाय टेकले की हादऱ्यांवरून घरातला झाडू कळतो. मघाशी दाराशी होता, आता मशीनकडे येतोय. सूनबाई, तिथे वाळक्या पानासारखी एक पुडी लोंबताना दिसेल. त्यातली काही भुरी निघतील, काही माझ्यासारखी. काढायचीच असेल तर झाडूने नको गं. त्या पेल्यात घे आणि इकडे आणून ठेव. मी खिडकीशीच आहे.