न धुतलेला बनियन

गुरांच्या गोचिडांवर औषध मारण्यात माझी एकतीस वर्षं गेली. पाठीवर पंप, समोर जनावर. ते अंग झाडतं तेव्हा निम्मं औषध आपल्याच छातीवर येतं. आता हाताला कंप सुटलाय. चहा कपात कमी, बशीत जास्त.

तपासणीवाल्या ताईंनी गोठ्यावरच्या आम्हा अकराजणांना एकेक पांढरा बनियन दिला. फवारणीच्या दिवशी शर्टाच्या आत घालायचा, संध्याकाळी वाळवून पिशवीत भरायचा, सकाळी त्यांच्याकडे द्यायचा. त्यात किती औषध मुरलं ते प्रयोगशाळेत मोजणार होते. प्रमाणाबाहेर निघालं तर पंप उतरवून चाऱ्याच्या कोठीवर काम देईन, असं मालकाने कबूल केलं होतं. मी तर मनातल्या मनात कोठीवर जाऊन बसलोही होतो.

घरी आलो, बनियन दोरीवर टाकला, अंघोळ केली आणि आडवा झालो तो सकाळपर्यंत. उठून पाहतो तर पिशवीत बनियन घडी घालून ठेवलेला. साबण लावून, नीळ देऊन, बगळ्यासारखा पांढरा.

मी डोक्याला हात लावला. बायकोला सांगायचं राहिलं होतं, चूक माझीच. पण ही उलट माझ्यावरच चिडली.

"परक्या बाईच्या हातात घामट कापड द्यायचं? नावं तुम्हाला नाही, मला ठेवली असती."

ताईंनी पिशवी उघडून वास घेतला. रागावतील असं वाटलं, पण त्या नुसत्याच खुर्चीत टेकल्या.

"काका, तुमचा आठवा."

अकरांपैकी आठ घरांत साबण लागला होता. नवे बनियन यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर पंप माझ्याच पाठीवर.

दुसऱ्या खेपेला हिला आधी सांगितलं. मागे ऊन नसतं म्हणून बनियन पुढच्या दारी वाळत घातला. पिवळे डाग, घामाचा आणि औषधाचा वास. शेजारच्या वहिनी जाता जाता थबकल्या आणि साबण संपला का म्हणून विचारलं. ही पायरीवर धान्य निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "संपला."

वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग काठीने बनियन उचलून पिशवीत टाकला आणि गाठ मारली.

"आता तरी उतरवतील ना हो पंप?"

बघू, म्हणालो. तिने चहा आणला. कप अर्धाच भरला होता.