न उघडणारा चाकू

वजन-मापं तपासणाऱ्या त्या कार्यालयात रोज दुपारी चार वाजता एक सफरचंद कापलं जाई. सफरचंद टपालाच्या टेबलावरच्या बाईंचं, चाकू तपासनीसाचा. बाई येऊन "चाकू?" एवढंच म्हणत. तो खिशातून घडीचा चाकू काढून देई. बाई पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवून तो उघडत आणि सफरचंदाचे दोन भाग करत. मग दोन्ही भाग तराजूत. दोन ग्रॅमपर्यंतचा फरक माफ. जास्त निघाला तर जड भाग तपासनीसाला, कारण त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायला हवं असं बाईंचं मत होतं. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत आटपे. दिवसाचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं तपासनीस गेली चार वर्षं कसेबसे काढत होता.

चाकू त्याचा असला तरी त्याला तो उघडता येत नसे. नखं कुरतडायची खोड शाळेपासूनची. आईने बोटांना कडू औषध चोपडून पाहिलं, तर महिन्याभरात त्याला ती चव आवडायला लागली. दहा बोटांत मिळून खाचेत अडकेल एवढं नख नव्हतं. आधी त्याला याची लाज वाटे. पण चाकू उघडता आला असता तर सफरचंद त्यालाच कापून द्यावं लागलं असतं आणि चार वाजून एक मिनिटाला बाई आपल्या टेबलावर परत गेल्या असत्या. हे ध्यानात आल्यावर त्याने लाज वाटून घेणं सोडलं.

आणि चाकूवाचून चालणार नव्हतंच, कारण बाईंना उष्ट्याचा भयंकर तिटकारा. बाटलीला कुणी ओठ लावले की ती बाटली त्यांच्या लेखी मेली. सख्ख्या भावाने एकदा त्यांच्या ताटातला घास उचलला, तर त्यांनी अख्खं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि स्वतः उपाशी उठल्या.

शुक्रवारी तो चाकू गेला. खोट्या वजनांच्या एका खटल्यात साक्ष द्यायला तपासनीस कोर्टात गेला होता. दारावरच्या शिपायाने चाकू काढून घेऊन डब्यात टाकला. साक्ष संपवून बाहेर येईपर्यंत शिपाई बदललेला आणि चाकू गायब. नव्या शिपायाने मोठ्या मनाने, "ही कात्री न्या, चांगली आहे," असं सांगून पाहिलं.

तपासनीसाला कात्री नको होती. कार्यालयात संगणकवाला म्हणून एक गृहस्थ नवा आला होता. त्याच्या पट्ट्याला चामड्याच्या पाकिटात अकरा हत्यारांचा चाकू लटकत असे, आणि "मॅडम, कधीही मागा," असं तो बाईंना दोनदा म्हणाला होता. सोमवारी चार वाजता तपासनीसाचा खिसा रिकामा निघाला तर सफरचंद त्या टेबलावर जाणार आणि मग तिथलंच होणार. नुसत्या विचाराने त्याने शनिवारी सकाळी डाव्या करंगळीचा फडशा पाडला.

दहाच्या ठोक्याला तो चाकू-सुऱ्यांच्या दुकानात हजर झाला.

"रोज खिशात बाळगायला हवा," त्याने सांगितलं.

दुकानदाराने एक काढला. पात्याला छोटं बटण होतं, अंगठ्याने ढकललं की पातं बाहेर. "एका हाताने उघडतो. डोळे मिटूनसुद्धा."

तपासनीसाने उघडून पाहिला. उघडला. त्याचा चेहरा पडला. "फारच सहज उघडतो हो."

दुसरा खटक्याचा होता, तो तर हातात घेताच उघडला. तिसऱ्याच्या पात्याला बोट घालायला भोक होतं.

"जरा अवघड दाखवा."

"अवघड म्हणजे?"

"म्हणजे मला उघडता येऊ नये असा."

दुकानदाराने हातातला चाकू सावकाश काचेखाली ठेवला. "रागीट आहात का?"

"नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

तपासनीसाने दोन्ही हातांची बोटं त्याच्यासमोर पसरली. "जुना नखाने उघडायचा होता. तसाच हवा."

"अहो, पण मग उघडायचा कुणी?"

तपासनीसाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. दुकानदाराने त्या पाहिल्या आणि खाली वाकून तळाच्या खणातून लाकडी मुठीचा एक चाकू काढला. "हा तीन गिऱ्हाइकांनी परत आणून दिला. दगड आहे दगड. आता मी परत घेणार नाही, आधीच सांगतो."

तपासनीसाने दोन मिनिटं झटापट केली. पातं जागचं हललं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी चार वाजता बाई आल्या. "चाकू?"

त्याने दिला.

"नवा घेतलात?" बाईंनी खाचेत नख अडकवलं आणि ओढलं. कट्कन आवाज झाला. तो नखाचा होता. त्यांनी दुसरा अंगठा लावला, मग ओठ घट्ट मिटून पुन्हा पहिला. पातं ढिम्म.

तेव्हा कुठे तपासनीसाच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला उघडत नाही, याची त्याने दोन मिनिटं खात्री करून घेतली होती. बाईंना उघडेल का, हे पाहायचंच राहिलं होतं. वीस वर्षं लोकांच्या चुका काढण्यात घालवलेला माणूस.

पलीकडच्या टेबलावर चामड्याच्या पाकिटाचं बटण टच्कन उघडलं. "मॅडम?"

बाईंनी तिकडे पाहिलं. तपासनीसाने पाहिलं नाही. तो तराजूकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती चार वर्षं संपत होती.

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सफरचंद पदराला पुसलं, एक मोठा लचका तोडला, शांतपणे चावून गिळला आणि सफरचंद त्याच्यापुढे धरलं.

"उष्टं आहे," त्या म्हणाल्या. "चालेल?"

त्याने मान डोलावली आणि बरोबर त्याच जागी चावा घेतला.

असं पाळीपाळीने सफरचंद संपलं. साडेचार वाजले होते. तराजूला कुणी हात लावला नव्हता. बाईंनी मिटलेला चाकू उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"आणि हा बदलून आणू नका."

"दुकानदार परत घेत नाही," तपासनीस म्हणाला.