तीन नंबर

रिटायर झाला म्हणे तीन नंबर! मी न्हाई हं, माझा शर्ट. संघातल्या पोरांनी टीव्हीवर कुठंतरी बघितलं, मोठ्या खेळाडूचा नंबर पुन्हा कुणाला देत न्हाईत, की लागले लगेच कामाला. मला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं न्हाई.

मी शिवशरण. संतपूरच्या आमच्या बसव मंडळाकडून सव्वीस वर्षं फुटबॉल खेळलो, डाव्या बाजूच्या बचावाला. वय सत्तेचाळीस. पळणं कमी झालंय, हे मला कळत न्हाई असं न्हाई. पण रविवारी औरादच्या संघाशी सामना होता आणि मी घरातनं बूट घालूनच निघालो. खेळायचं होतं मला. रविवारी दुसरं काय असतंय मला?

बायको, सुधारानी, जाऊन चार वर्षं झाली. लेक शैलश्री हैदराबादला. फोनवर "अप्पा, जेवलाव का?" एवढंच. घरात दिवसभर माझं नाव घेणारं कुणी न्हाई. मैदानावर मात्र "अण्णा, पुढं! शरणअण्णा, मागं माणूस हाय!" तासभर नुसता गलका. त्या गलक्यासाठी मी दुपारपासून घड्याळ बघत बसतो. सांगायला लाज कसली.

तर मैदानावर गेलो, तर तिथं मांडव! शाल, फेटा, हार. मंडळाचे अध्यक्ष वीरभद्रप्पा माइकवर सुटले. "बिदरनं बोलावलं, हैदराबादनं बोलावलं, पण शिवशरण गेला न्हाई! ह्याला म्हणायचं निष्ठा!" टाळ्याच टाळ्या. अरे, कसली निष्ठा डोंबलाची! अनोळखी गावात खोलीवर एकटं राहायचं भ्या वाटलं मला, म्हणून न्हाई गेलो. आणि बघा, एकटं राहायचं काय चुकलं का?

मग काचेच्या चौकटीत घातलेला माझा शर्ट माझ्याच हातात दिला. "आजपासून हा नंबर कुणीच घालायचा न्हाई," वीरभद्रप्पा म्हणाले. कुणीच म्हणजे मी पण की! ह्या शहाण्यांच्या ध्यानातच न्हाई ते. रागानं कान तापले माझे. पण माइक हातात आला आणि मी विनवायलाच लागलो.

"शर्ट लावा भिंतीवर," मी म्हणालो, "पण मला दुसरा कुठलाबी नंबर द्या. सतरा द्या. बाकावर बसतो. शेवटची पाच मिनिटं मैदानात सोडा, न्हाई सोडलं तरी चालतंय. पण संघात ठेवा."

सगळे खो खो हसले. "अण्णाची गंमत करायची सवय काय जायची न्हाई!" म्हणत वीरभद्रप्पांनी पाठीवर थाप मारली. मी गंमत करायलो नव्हतो हो. पण एवढी माणसं हसायलेत म्हटल्यावर कुणाला धरून सांगावं? पाहुण्यांच्या खुर्चीत नेऊन बसवलं मला.

आमच्यात एक रीत हाय. सामन्याआधी कप्तान मधल्या रेघेवर उभा राहून नंबराच्या क्रमानं एकेकाचं नाव मोठ्यानं घेतो, आणि ज्याचं नाव तो "हाय!" म्हणून मैदानात जातो. कप्तान नागेंद्रनं सुरुवात केली. गोलकीपर आत गेला. दोन नंबरचा आत गेला.

मी खुर्चीतून उठलो आणि जोरात म्हणालो, "हाय!"

कुणी माझं नाव घेतलंच नव्हतं. नागेंद्रनं माझ्याकडं बघून हसून हात हलवला आणि चार नंबरच्या पोराला हाक मारली.